सातव्याचं पाणी

कॅप्टनने कप खाली ठेवला, मिशीवरची साय पुसली आणि म्हणाला, "तुझं सातवं तिथे नाही."

मला आधी वाटलं तो दाताबद्दल बोलतोय. आम्ही दातवाल्याच्या दवाखान्यात बसलो होतो, समोरच्या भिंतीवर जबड्याचं भलंमोठं चित्र होतं आणि त्यात प्रत्येक दाताला आकडा दिलेला होता. मी जिभेने माझा मागचा दात चाचपूनही पाहिला. होता जागेवर. मग लक्षात आलं की कॅप्टनचं बोट टेबलावर पसरलेल्या नकाशावर आहे, आणि नकाशावरच्या सातव्या होलवर आहे, जे मी आणलेलं. मी हसलो. कॅप्टन हसला नाही. तो म्हणाला, कालव्याकाठच्या त्या गोल्फ क्लबात मुद्दाम जाऊन आलो, नऊच्या नऊ होल खेळलो, डाव्या हाताला पाणी एकाही होलवर नाही. तळं बुजवलं असेल, मी म्हटलं. तेही विचारलंय, तो म्हणाला. तिथला गवत राखणारा तीस वर्षं तिथेच आहे. डावीकडे पाणी कधी नव्हतंच. मग त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मीच त्याच्या खिशातून काहीतरी काढून घेतल्यासारखं मला वाटलं. "अकरा वर्षं मी त्या पाण्यात चेंडू घालवतोय," तो म्हणाला.

हे सगळं बाहेरच्या माणसाला सांगायला गेलं तर तो आम्हाला वेड्यात काढेल, माझ्या बायकोने तर कधीच काढलंय. पण सांगायला हवं. आम्ही चौघं. दातवाला, ज्याचा दवाखाना रविवारी बंद असतो म्हणून आम्हाला मिळतो. कॅप्टन, जो बंदरात मोठी जहाजं आत आणून धक्क्याला लावायचा. कॅप्टन तो कधीच नव्हता, पण मिशी होती. मॅडम, ज्या न्यायाधीश होत्या आणि निवृत्त झाल्या तरी त्यांच्यातला न्यायाधीश काही निवृत्त झालेला नाही. आणि मी, पाणीपुरवठा खात्यातला ड्राफ्ट्समन, म्हणजे जमिनीखालून कुठून कुठली पाइपलाइन जाते त्याचे नकाशे काढणारा. गोल्फने आम्हाला एकत्र आणलं, पण खरं खेळणं आता सगळ्यांचंच आटत चाललंय. कॅप्टनचा गुडघा, मॅडमचा खांदा, दातवाल्याची कंबर, माझा आळस. म्हणून अकरा वर्षांपूर्वी एका रविवारी ठरलं की आपलं स्वतःचं एक मैदान करायचं, अठरा होलचं, जगात कुठेच नसलेलं. जिथे जिथे ज्याचं त्याचं नाक कापलं गेलं किंवा वर झालं, ते ते होल उचलून आणायचं आणि एकापुढे एक लावायचं. होल म्हणजे नुसतं भोक नव्हे. टीवर चेंडू ठेवून पहिला फटका मारायचा तिथपासून तो चेंडू भोकात पडेपर्यंतचा तीन-चारशे पावलांचा सगळा मुलूख. कॅप्टनने समुद्राच्या वाऱ्याचं एक होल आणलं, दातवाल्याने उलट्या उताराचं, मॅडमनी झाडांच्या दोन रांगांमधलं इतकं अरुंद की त्यातून माणसाने आडवं जायचं. मैदानाचं नाव आम्ही अवघडवाडी ठेवलं. नकाशा अर्थातच मी काढला, दोन वर्षं लागली.

खेळ तोंडी असतो. डोळे मिटायचे, मनात काठी फिरवायची आणि चेंडू कुठे गेला ते खरं खरं सांगायचं. लोकांना ह्याचंच हसू येतं, की मग कोणीही सांगेल भोकाशेजारी पडला म्हणून. तसं कोणी सांगत नाही. प्रामाणिकपणा काढून घेतला तर ह्या खेळात दुसरं काही उरतच नाही, हे चौघांनाही ठाऊक आहे. म्हणून नियम एकच, आणि तो मॅडमनी पहिल्याच दिवशी घातला: होल आणणाऱ्याने ते स्वतःच्या पायांनी चाललेलं आणि स्वतःच्या चेंडूने पुरं केलेलं असलं पाहिजे. ऐकीव होल चालणार नाही, स्वप्नातलं तर नाहीच. कॅप्टनचं ऐकून त्या रविवारी मॅडमनी चष्मा काढला आणि मला तोच नियम पुन्हा ऐकवला. पुढच्या रविवारपर्यंत मी खुलासा करावा, तोवर सातवं स्थगित. दातवाला म्हणाला, जाऊ दे ना मॅडम, आठवणीत थोडं इकडेतिकडे होतंच. त्यावर मॅडम म्हणाल्या की इकडेतिकडे होतं म्हणूनच साक्षीदाराला प्रश्न विचारतात.

घरी पायीच आलो. सिग्नलपाशी उभा राहिलो आणि हिरवा दिवा लागून पुन्हा लाल झाला तरी उभाच होतो. रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे बघायचं की डावीकडे, असा प्रश्न मला पन्नास वर्षांत पडला नव्हता. ते होल मला जसं आठवतं तसं मला माझं लग्नसुद्धा आठवत नाही. तीस वर्षांपूर्वीची गोष्ट, मी सव्वीस वर्षांचा, आणि माझ्याबरोबर दादा, माझा थोरला भाऊ. दादा रंगांच्या कंपनीत होता, गावोगाव फिरायचा, जिथे जाईल तिथे त्याच्या ओळखी व्हायच्या, आणि कालव्याकाठच्या त्या क्लबातल्या कोणालातरी त्याने भिंतीला लावायचा रंग स्वस्तात दिला होता म्हणून आम्हा दोघांना दुपारभर खेळायला मिळालं होतं. गोल्फ मला दादानेच शिकवला. सहा होल मी वाईट खेळलो होतो. सातव्याच्या टीवर उभा राहिलो तेव्हा हात घामाने ओले होते, ते मी पँटला पुसले, दादा मागे उभा होता, आणि मी मारला. चेंडू डावीकडे गेला. डुबुक असा आवाज आला. दादा म्हणाला, थांब, मी बघतो, आणि लांब ढांगा टाकत पुढे गेला, वाकला, थोडं चालला, पुन्हा वाकला, आणि हात वर करून ओरडला, सापडला रे, इथेच पडलाय. मी गेलो तर चेंडू स्वच्छ, कोरडा, छान गवतावर बसलेला. तिथून मी पाच फटक्यांत ते होल पुरं केलं. तोवरच्या आयुष्यातलं माझं सगळ्यात चांगलं होल. परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसून सगळ्यांकडे बघून हसत होतो.

पाण्यात गेलेला चेंडू कोरडा कसा सापडेल, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला नव्हता. तो पडला एकोणीस वर्षांनी, अवघडवाडीचा नकाशा काढताना. निळी शाई भरत होतो, तळ्याचा काठ गोलाई देऊन ओढत होतो, आणि हात थांबला. दादाने खिशातला दुसरा चेंडू टाकला होता. मला राग आला नाही. उलट जीव भरून आला, आणि मॅडमच्या नियमाप्रमाणे ते होल बाद व्हायला हवं होतं ते मी होऊ दिलं नाही, गप्प बसलो. चेंडू दादाचा असेल, फटके तर माझे होते, अशी मी माझीच समजूत घातली. दादा आहेच तसा. समोरच्याचं तोंड उतरलेलं त्याला बघवत नाही. एका मुलाखतीत मी नापास झालो तेव्हा तो कुठून कुठून चौकशी करून आला आणि म्हणाला, अरे ती जागाच रद्द झाली, तुझा काही संबंध नाही. दोन महिन्यांनी त्या जागेवर बसलेला माणूस मला भेटला, चांगला होता बिचारा, चहा पाजला. दादाला मी ते कधी सांगितलं नाही. दादाचं खोटं हे आमच्या घरात अंगावर घालायच्या पांघरुणासारखं होतं, ते ओढून काढायचं नसतं.

आणि म्हणूनच त्या निळ्या शाईनंतर दोन वर्षांनी, आई गेली त्या सकाळी, दादाने दारातच मला जे सांगितलं त्यावर माझा विश्वास बसला नाही. ते सांगायला मला जड जातं, पण सातव्याचं सगळं तिथेच येऊन थांबतं. आई दादाकडे होती, आजारी, पण तिचं आजारपण इतकं जुनं होतं की आम्हाला त्याची सवय झाली होती. शनिवारी संध्याकाळी तिने स्वतः फोन केला. उद्या ये म्हणाली. मी म्हटलं, उद्या महत्त्वाचं काम आहे, सोमवारी पहिल्या बसने येतो. ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. ते महत्त्वाचं काम म्हणजे अवघडवाडीचं अठरावं होल. त्या रविवारी दवाखान्यात सगळ्यांच्या देखत त्यावर शाई फिरवायची होती, दातवाल्याने केक आणला होता. मी शाई फिरवली. टाळ्या झाल्या. सोमवारी मी पहिल्या बसने गेलो, आणि दादा दारात उभा होता, आणि आत माणसं जमली होती. दादा म्हणाला, "रागावली नव्हती रे. रात्री मला म्हणाली, त्याला म्हणावं सावकाश ये." बस, एवढंच. आणि मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडताना मनात म्हणत होतो, टाकलास. पुन्हा टाकलास चेंडू. कारण आई उभ्या जन्मात कोणाला सावकाश म्हणाली नव्हती. शाळेत जाताना लवकर ये, जेवताना लवकर आवर, लग्न लवकर कर, पत्र लवकर लिही. घाई तिच्या हाडात होती. ती मला सावकाश ये म्हणेल हे शक्यच नव्हतं. ती "बरं" म्हणाली होती आणि फोन ठेवला होता, आणि त्या "बरं"वरच ती गेली, असं मी नऊ वर्षं धरून चाललोय. कोणाशी बोललो नाही. दर रविवारी सातव्यावर आलो की माझा चेंडू डावीकडे पाण्यात जातो, मी तसं प्रामाणिकपणे सांगतो, आणि मॅडम एक फटका दंड लावतात.

आता कॅप्टन म्हणतो पाणीच नाही.

सोमवारी ऑफिसात गेलो तो हजेरी लावून सरळ मागच्या खोलीत. तिथे भिंतीला लागून नकाशांच्या नळ्या उभ्या असतात, दोन-अडीचशे तरी, आणि त्यांतली एक खात्याची नाही, माझी आहे. अवघडवाडीची सगळी सुटी होल त्यात आहेत, प्रत्येक वेगळ्या ट्रेसिंग पेपरवर. ट्रेसिंग म्हणजे तो आरपार दिसणारा कागद. नकाशा आधी त्याच्यावर उतरवायचा, मग मोठ्या कागदावर हवा तिथे ठेवून गिरवायचा. सातव्याचं ट्रेसिंग मी बाहेर काढलं. कडा पिवळ्या पडल्या होत्या. टेबलावर ठेवलं आणि बघत राहिलो. तळं डावीकडे होतं. मनात हुश्श झालं. मग पेन्सिलीने लिहिलेले आकडे दिसले, अंतराचे, माझ्याच अक्षरातले, आणि ते उलटे होते. मी कागद पालथा केला. आकडे सुलटे झाले आणि तळं उजवीकडे गेलं.

किती वेळ तिथे उभा होतो कोणास ठाऊक. शिपाई येऊन दिवा लावून गेला. सातवं होल सुलटं ठेवलं असतं तर त्याचं तळं आठव्याच्या टीवर चढलं असतं, हे मला तिथल्या तिथे दिसलं. म्हणजे नकाशात बसावं म्हणून मीच ते पालथं घातलं असणार. मुद्दाम घातलं? तात्पुरतं घालून नंतर नीट करायचं ठरवलं होतं? की नुसतंच चुकून? आठवत नाही. आमच्या धंद्यात ह्याच्याइतकं मोठं पाप नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एक व्हॉल्व्ह रस्त्याच्या भलत्या बाजूला दाखवला होता, असाच कागद पालथा घालून, आणि माणसांनी चांगला अर्धा रस्ता उकरला तरी व्हॉल्व्ह काही सापडेना, कारण तो समोरच्या फुटपाथखाली सुखात होता. तेव्हापासून मी प्रत्येक ट्रेसिंगच्या कोपऱ्यात उत्तरेचा बाण आधी काढतो. ह्याच्यावर बाण नव्हता. नसलेल्या मैदानाला उत्तर कशाला, असं वाटलं असेल. पण एक गोष्ट मला अजिबात कळत नव्हती, ती म्हणजे डुबुक. तो आवाज मी ऐकलाय. आत्ताही ऐकू येतो. पाणी उजवीकडे होतं, आणि चेंडू डावीकडे गेला हे तर पक्कं, कारण माझ्या खांद्यात दोष आहे आणि मी जन्मभर डावीकडेच मारत आलोय. मग डुबुक कुठून आलं? माणूस आधी नकाशा काढतो आणि मग त्याच्या पाण्यातून आवाज ऐकतो, असं होतं का? आणि तसं असेल तर दवाखान्यात, घरात, दादाच्या दारात मी जे जे ऐकलंय त्यातलं माझ्या कानांनी ऐकलेलं किती?

मग मला आनंद झाला. इतका की लाज वाटली. कारण चेंडू पाण्यात गेलाच नव्हता तर तो कोरडाच असणार. दादाने तो खरंच शोधून काढला असणार. खिशातून काही टाकलं नसणार. नऊ वर्षं मी ज्या खोट्याच्या आधारावर दादाला खोटं ठरवत होतो ते खोटं त्याने केलंच नव्हतं. आणि मग आई, आई खरंच म्हणाली असेल. साखळी कच्ची आहे हे मला कळत होतं. मुलाखतीचं खोटं होतंच ना, ते काही पालथं पडत नाही. एक चेंडू खरा निघाला म्हणून माणसाचं सगळं बोलणं खरं होत नाही. मॅडमसमोर हे मांडलं असतं तर त्यांनी मला उभंही केलं नसतं. पण बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तो असाच असतो, आणि मी काडी धरून जिन्यात गेलो आणि दादाला फोन लावला.

वहिनींनी उचलला. ह्या वेळी माझा फोन म्हणजे काय झालं, असं त्यांनी आधी विचारलं, मग मुलांचं, मग बायकोच्या पाठीचं. दादा बाथरूमचा नळ दुरुस्त करत होता. आधी हाका, मग काहीतरी पडल्याचा आवाज, मग दादाचा श्वास. मी सरळ विचारलं, कालव्याकाठचं सातवं आठवतं का. कुठलं सातवं, असं दोनदा झालं, मग म्हणाला, हां, तळ्याचं. कोणत्या बाजूला होतं तळं? उजवीकडे, तो म्हणाला, नक्की, तिथल्या माणसाला मी वर्षभर रंग पुरवला, तळं उजवीकडेच. मी म्हटलं, म्हणजे माझा चेंडू पाण्यात गेला नव्हता.

"पाण्यात कशाला जाईल? डावीकडे गवतात गेला."

"आणि तू तो शोधलास."

पलीकडे नळ गळत होता, थेंब मोजता येत होते. जिन्यातून दोन क्लार्क चहाला खाली गेले आणि मला बघून त्यांनी आवाज बारीक केला.

"नाही सापडला रे," दादा म्हणाला. "गवत हे एवढं. मी खिशातला टाकला. तू किती वाकडं तोंड करून उभा होतास."

एका मिनिटापूर्वी मी ज्या गोष्टीवर उभा होतो ती कोणीतरी खालून ओढून घेतली होती, आणि गंमत म्हणजे माझं मूळचं म्हणणंच खरं निघालं होतं, चेंडू टाकलेलाच होता, फक्त पाणी नव्हतं. तीस वर्षांत दादाने पहिल्यांदा एक खोटं कबूल केलं होतं, आणि नेमकं तेच जे मला खरं हवं होतं. दादाने विचारलं की तीस वर्षांनी ऑफिसच्या वेळात चेंडूची चौकशी कशाला. मी म्हटलं, असंच. असंच कसं, तो म्हणाला. मग वहिनींना ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाला, "तू आईचं विचारतोयस."

"हो."

"ती तसंच म्हणाली. आईची शपथ घेऊ आता? अरे, माझ्या मनाचं सांगायचं असतं तर काहीतरी बरं सांगितलं असतं. तुझं नाव घेत होती, तुला आशीर्वाद दिला, असलं काहीतरी. सावकाश ये, हे मला सुचलं असतं का?"

नसतं सुचलं. हे माझ्या नऊ वर्षांत लक्षात आलं नव्हतं. खोटं बोलणारा माणूस शोभेल असं बोलतो; आईला न शोभणारं वाक्य दादाने कशाला रचलं असतं? मी जिन्याच्या पायरीवर बसलो. डोळे भरून आले, आणि मला वाटलं, झालं, सुटलो. मी विचारलं, पण ती सावकाश कशी म्हणाली, ती कधी कोणाला सावकाश म्हणाली?

नळ गळतच होता.

"कारण मी तिला सांगितलं होतं की तू निघालायस," तो म्हणाला. "रविवारी रात्री सारखं दाराकडे बघत होती. मी म्हटलं, निघालाय, वाटेत आहे. मग शांत झाली. म्हणाली, त्याला म्हणावं सावकाश ये. आणि झोपली."

त्यानंतर तो आणखी काही बोलला असेल. रविवारी ये, जेवायला ये, असं काहीतरी. मी हो म्हटलं असेल. संध्याकाळपर्यंत मी टेबलाशी बसून एका नव्या वसाहतीची पाइपलाइन काढत होतो आणि एकही रेघ चुकली नाही, ह्याचं मला अजून नवल वाटतं. आईने मला माफ केलं होतं. पण कोणाला? वाटेत असलेल्या मुलाला. तो मुलगा त्या रात्री कोणत्याही वाटेत नव्हता, तो घरी केकचा उरलेला तुकडा खाऊन झोपला होता. दादाने चेंडू टाकला होताच, फक्त माझ्यापुढे नाही, तिच्यापुढे टाकला होता, आणि तिने तो माझा समजून घेतला होता. मग ते "सावकाश ये" माझं की त्या दुसऱ्याचं? आठवडाभर मला काही ठरवता येईना. कधी वाटायचं, ती शांत झोपली ना, मग मी कोण मोजमाप करणारा. कधी वाटायचं, ती फसली, आणि माझ्यामुळे फसली. बायकोने दोनदा विचारलं की तब्येत बरी आहे ना. एकदा आंघोळीला जाऊन मी तसाच कोरडा बाहेर आलो.

रविवारी दवाखान्यात गेलो तेव्हा तिघं आधीच बसले होते. मी ट्रेसिंग टेबलावर ठेवलं, सुलटं, मग उलटं, आणि सांगितलं की पाणी उजवीकडेच होतं, कागद मी पालथा घातला. कॅप्टनचा चेहरा उजळला. म्हणजे होल आहे, तो म्हणाला, मला वाटलंच, फक्त फिरवून घेऊ, आठव्याची टी जरा सरकवू. दातवालाही लगेच पट्टी घेऊन सरसावला. मी म्हटलं, थांबा. तिथे मी माझ्या चेंडूने खेळलो नव्हतो. माझा हरवला होता, भावाने त्याचा टाकला. मला हे नकाशा काढतानाच ठाऊक होतं. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मऊ होता.

"मग ते तुमचं होल नाही."

"नाही," मी म्हणालो.

शाई मीच लावली होती, मीच ब्लेड घेतलं. नकाशावरची शाई ब्लेडच्या टोकाने खरवडून काढावी लागते, कागद न फाडता, आणि ते मला चांगलं येतं. आधी तळं गेलं, मग काठ, मग टी, मग शेवटी तो बारीक झेंडा. सहाव्या आणि आठव्याच्या मधे खरखरीत पांढरा डाग राहिला. कॅप्टनने त्यावरून बोट फिरवलं. त्याला खरंच वाईट वाटत होतं. त्या पाण्यात सगळ्यात जास्त चेंडू त्याचे होते. दातवाल्याने विचारलं, आता सहाव्यावरून आठव्याला जायचं कसं? मॅडम म्हणाल्या, चालत. मी ब्लेड डबीत ठेवलं, पिशवी उचलली. तिघंही माझ्याकडे बघायला लागले, कारण अकरा वर्षांत मी खेळ अर्धा टाकून कधी उठलो नव्हतो. भावाकडे जायचंय, मी सांगितलं, आणि कोणी का म्हणून विचारलं नाही.

दादाच्या गावाला जायला दोन तास लागतात. बस स्टँडवर उभी होती, निम्मी रिकामी, ड्रायव्हर खाली उतरून कोणाशी तरी बोलत होता. मी खिडकीशी बसलो. मांडीवर पिशवी, पिशवीत काही नाही, रिकाम्या हाताने कसा जातोय हे तेव्हा लक्षात आलं. फोन वाजला. दादा होता. जेवायला थांबलोय, तो म्हणाला, कुठे आहेस?

मी बाहेर पाहिलं. स्टँडवरचं घड्याळ, बाक, बाकावर पिशव्या घेऊन बसलेल्या दोन बायका, कंडक्टर ओरडून एका गावाचं नाव घेत होता. दादाला हे सगळं ऐकू जात असणार.

"निघालोय," मी म्हणालो. "वाटेत आहे."

दादा म्हणाला, "सावकाश ये."

बस दहा मिनिटांनी सुटली.